दयाराम, मोटर चालू कर

बुधवार, ३:०५. टाकी भरून वाहते.

पाणी टाकीच्या काठावरून निघालं, भिंतीवरून ओघळलं आणि थेट शेजारच्या गीताबाईंच्या अंगणात उतरलं. तिथं खाटेवर, धुतलेल्या लुगड्यावर, सकाळी पाडलेल्या कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या. त्यांचा पुन्हा चीक झाला. गीताबाई भिंतीपाशी आल्या आणि त्यांनी जे सुनावलं ते पिंपळगाव राजाच्या अर्ध्या आळीला ऐकू गेलं. तीन आठवड्यांत ही पाचवी खेप होती.

महामाया त्या दिवशी अर्धी रजा टाकून खामगावहून आली होती. चप्पल काढायच्या आधी तिनं धावत जाऊन मोटर बंद केली. घरात दोघंच होती. सासूबाई, म्हणजे भिमाबाई, दारापुढच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलेल्या. सासरे जानराव मागच्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आले. मोटर कोणी लावली, असं महामायानं विचारलं. दोघांनीही लावली नव्हती.

संध्याकाळी तिचा नवरा धम्मदीप कामावरून आला आणि त्यानं कॉम्प्युटरची नोंद उघडली. आईला वाचता यावी म्हणून ती त्यानं मराठीतच ठेवली होती.

बुधवार. २:२१. हुकूम: दयाराम, मोटर चालू कर. आवाज: भिमाबाई. जुळणी: ८१.

जानरावांनी एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलली होती. ते जमिनीकडं बघत हळूच म्हणाले, "मानूस चुकते. मशीन काऊन चुकन?"

भिमाबाईंनी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. पाच वेळा त्यांनी नाही म्हटलं होतं. सहाव्यांदा म्हटलं नाही.

"मंग मीच म्हनली असन," त्या म्हणाल्या.

दयाराम कोण, हे सांगणं भाग आहे.

दयाराम दोन आहेत. एक मधल्या खोलीतल्या कपाटात राहतो. एका ऑफिसानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर धम्मदीपनं आणला, पुसला, त्यात दोन मोठ्या डिस्का बसवल्या आणि दिवाळीपासून होळीपर्यंत प्रत्येक रविवार त्याच्यापुढं मांडी घालून घालवला. घरातली सगळी लग्नं, बारशी, साखरपुडे, जुन्या सीड्यांवरून उचलून त्यानं त्यात भरले. बावीस सीड्या होत्या. बसून एकही पाहिली नाही, वरचं नाव वाचायचं आणि भरायची. मग त्यानं घरातले दिवे, पंखे, दोन्ही टीव्ही आणि बोअरिंगची मोटर त्याला जोडली. स्वयंपाकघर, बैठक आणि मागची खोली, तिन्ही ठिकाणी कान म्हणून एकेक माईक बसवला. शेवटी घरातल्या चौघांचे आवाज त्याला ओळखायला शिकवले, म्हणजे बाहेरच्या कोणी हुकूम केला तर त्यानं ऐकू नये.

आता याला हाक काय मारायची? धम्मदीपनं एक इंग्रजी नाव सुचवलं. भिमाबाईंनी ते तोंडात घोळवून पाहिलं आणि सोडून दिलं. मोटर लावणाऱ्याला त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच नावानं हाक मारली होती. दयाराम. बोअरिंग झाल्यापासून दहा-बारा वर्षं, स्वतःचे गुडघे जाईपर्यंत, दयाराम नावाचा माणूसच त्यांची मोटर लावत आणि बंद करत होता. तोंडात बसलेलं नाव बदलून नवं कशाला शिकायचं? कपाटातला कॉम्प्युटर दयाराम झाला.

आणखी एक अट त्यांनी घातली. हुकूम झाल्यावर त्यानं उलटून बोलायचं नाही. म्हणून दयाराम मुका आहे. ऐकलं की कपाटावरचा हिरवा दिवा लागतो, बस्स. मोटर पाण्याखालची, तिचाही आवाज येत नाही. टाकी भरल्यावर मोटर आपोआप थांबवणारा गोळा बोअरिंगच्या खारट पाण्यानं थर धरून अडकला होता. नवा मागवला होता, आला नव्हता.

दुसरा दयाराम बौद्धवाड्याच्या टोकाला राहतो आणि दुपारी चहाला येतो. त्याच्याकडं नंतर येऊ.

गुरुवार, ७:१०. भिमाबाई गॅसपाशी उभ्या आहेत.

गॅस बंद होता. त्या उभ्याच होत्या. महामाया डबा भरायला आली तेव्हा त्यांनी तिला बटण तपासायला सांगितलं. तिनं तपासलं. त्या जरा वेळानं परत म्हणाल्या, "माया, अजून एकडाव पाह्य बरं."

भिमाबाईंची आई तानाबाई. शेवटची चार वर्षं तिनं कोणालाच ओळखलं नाही. सख्ख्या लेकीला ती "कोन्या गावची वं तू?" असं विचारायची आणि लेक दरवेळी गावाचं नाव सांगायची. ते कसं सुरू झालं होतं, हे भिमाबाईंना पक्कं आठवत होतं. चुलीवर दूध ठेवलं होतं आणि आई म्हणाली होती, मी नाही ठेवलं.

त्यामुळं आता त्यांनी स्वतःच सगळं ठरवून टाकलं. सोमवारी अकोल्याच्या डॉक्टरकडं जायचं. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना त्या सांगत आल्या होत्या, ती यंदा दुसऱ्या बाईनं सांगावी, मधेच अडखळले तर साऱ्यांचा खोळंबा. धम्मदीप म्हणाला, आवाजाचा हुकूमच काढून टाकतो. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीनचं तोंड बांधून माहं डोकं नीट होनार हाय का?"

महामाया खामगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. बारा वर्षं झाली. आकडा आला की तिची पहिली शंका माणसावर जात नाही, नमुन्यावर जाते. सुई नीट गेली का, नळी हलली का, कोणाचं नाव कोणाला लागलं? सासूबाई गेल्या तीन आठवड्यांत एकदाही मीठ विसरल्या नव्हत्या. चुलत नातवाची जन्मतारीख विसरल्या नव्हत्या. फक्त एक वाक्य विसरल्या होत्या, तेही पाच वेळा, तेही तेच.

सोमवारला चार दिवस होते. एकदा अकोल्याला डॉक्टरपुढं "हो, मी विसरते" असं त्या म्हणाल्या की मग आयुष्यभर तेच खरं धरून चालतील, हे महामायाला कळत होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि नवऱ्याला विचारलं, "ती जुळणी म्हणजे काय?"

शुक्रवार. तीन माणसं, तीन उत्तरं.

धम्मदीप म्हणाला, आवाज किती टक्के ओळखला, ते. आई रोज किती हुकूम करते? बरेच. त्यांची जुळणी किती असते? पंच्याण्णव, शहाण्णव. आणि या पाचांची? त्यानं बघितलं. ऐंशी, ब्याऐंशी, एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी. आईचा घसा बसला असेल, असं तो म्हणाला. दुसऱ्या कोणी नक्कल केली असेल का? त्यानं मान हलवली. त्यानं स्वतः आईची नक्कल करून पाहिली होती, शेजारच्या बायांकडून करवली होती. चाळीसच्या वर कोणी गेलं नाही. आवाज आईचाच. कोणत्या खोलीतून आला? ते दयाराम लिहीत नाही.

गीताबाईंकडं ती ओल्या कुरडयांच्या बदल्यात आपल्याकडचा गव्हाचा चीक घेऊन गेली. गीताबाईंचा राग तोपर्यंत निवला होता. त्यांनी तिला बसवून घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले. त्यांनी सांगितलं ते असं: बुधवारी दुपारी त्या कावळे हाकलत अंगणातच होत्या आणि भिमाबाई भिंतीपलीकडं ओट्यावर होत्या. दोघी बोलत होत्या. जेवण झाल्यापासून पार पाणी येईपर्यंत.

"मधात उठल्या होत्या?"

"नाही वं. माहीच पाठ दुखून गेली, तुही सासू काही उठली नाही." मग गीताबाई आपणहून थांबल्या. "म्हंजे मंग मोटर कोनं लावली?"

आणि एवढ्या वेळात भिमाबाईंनी दयारामला हाक मारलेली गीताबाईंना ऐकू आली का? नाही. त्या वेळी विषय लोणच्याचा होता.

जानरावांनी सगळ्यात छोटं उत्तर दिलं. दुपारी जेवलो की मागच्या खोलीत जातो, दार लोटतो, झोपतो. काही ऐकलं नाही. एवढं बोलून त्यांनी सुनेकडं बघायचं टाळलं आणि सायकलची साखळी पुसू लागले. ती साखळी आधीच स्वच्छ होती.

शुक्रवार, ५:३०. दुसरा दयाराम. (फक्त उत्तरं.)

हाव, येतो ना रोज. चहाले.

मोटर? बाप्पा, मले आता कोन इचारते. माह्या नावाचा डबा आनून ठेवला तुह्या नवऱ्यानं कपाटात. लोक मले मस्करीत म्हनतात, दयाराम, तुह्यावाला दिवा लाव बे.

राग नाही. राग काऊन येईन? नाव तं चालून राह्यलं.

वयनीले इसर पडते? कोनं सांगतलं? परवा मी चहात साखर नको म्हनलं तं म्हने, तुले दोन हजार अकरापासून साखर नको, दरवेळी काऊन सांगतं?

नाही, वयनीची एक रीत होती. मोटर चालू कर म्हनल्या की बंद कर बी त्याच म्हनत. मधात मी हात लावाचा नाही. कधीच चुकल्या नाहीत.

एकडाव चुकल्या. बोअरिंगले पानी लागलं त्या दिशी. साऱ्यांनी सांगतलं होतं, इथं पानी नाही. वयनी म्हनल्या, हाय. मले हाक मारली, मी बटन दाबलं, आन् पाइपातून जे पानी आलं! बाई पाइपाखाली जाऊन उभ्या राह्यल्या नवं लुगडं नेसून. बंद कर म्हनाचं राहूनच गेलं. सारं आंगन भरलं. जानराव मालक तिकडून पाहूनच राह्यले.

नवं लुगडं म्हंजे, देवानंदचा साखरपुडा होता ना त्या दिशी घरी. जानरावचा पुतन्या. शूटिंगवाला नवरीले सोडून पान्याच्याच मागं लागला.

हाव. एकोनीस वर्सं झाली.

शनिवार, ८:४०. खामगावच्या बसमध्ये.

डॉक्टरनं नुसती साखर विचारली तरी नळीकडं बघताना बाकीचंही दिसतं. धम्मदीपनं तिला इतके दिवस फक्त मोटरची नोंद दाखवली होती. आदल्या संध्याकाळी तिनं सगळीच मागून घेतली. दिवे, पंखे, टीव्ही, सगळं. आता बसमध्ये खिडकीशी बसून ती मोबाईलवर ते वाचत होती. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती आणि कोंबडी नोंदीत डोकावत होती.

पाच दिवस. मोटरच्या वेळा पाच वेगळ्या. २:०२, २:४५, १:२९, २:१०, २:२१. यात काही सापडत नव्हतं. मग तिनं प्रत्येक वेळेच्या वरची ओळ वाचायला सुरुवात केली.

१:४८. मागच्या खोलीतला टीव्ही सुरू. चौदा मिनिटांनी हुकूम.

२:३१. मागच्या खोलीतला टीव्ही सुरू. चौदा मिनिटांनी हुकूम.

१:१५. चौदा मिनिटांनी. १:५६. चौदा मिनिटांनी. २:०७. चौदा मिनिटांनी.

माणूस इतका नेमका नसतो. एकाच माणसाची नाडी दोनदा मोजली तरी चार ठोक्यांचा फरक येतो. बोलणारी व्यक्ती सासूबाईच होती, पण बोलत होती ती कुठल्या तरी यंत्रातून. आणि जुळणी एक्क्याऐंशी. नमुना त्याच माणसाचा, आकडा मात्र जरा हललेला. हे तिनं लॅबमध्ये शेकडो वेळा पाहिलं होतं. असं कधी होतं? नमुना शिळा असला की.

किती शिळा?

एकोणीस वर्षं.

तिनं धम्मदीपला फोन लावला. मागच्या खोलीतल्या टीव्हीवर गेल्या तीन आठवड्यांत काय काय पाहिलं गेलं, एवढंच बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. मग म्हणाला की एकच फाईल आहे. पाच वेळा. 'देवानंदचा साखरपुडा'.

झोपतो म्हणणारा माणूस टीव्ही पाहत होता.

रविवार, ११:००. सगळे मागच्या खोलीत.

महामायानं सगळ्यांना बसवलं. भिमाबाईंना खुर्ची दिली. दयारामला निरोप धाडून बोलावलं होतं, तो दाराशी टेकला. जानरावांना कळलं असावं. ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

तिनं कोणाचंही नाव न घेता सांगायला सुरुवात केली. आई बुधवारी ओट्यावरून उठल्या नाहीत, याला गीताबाई साक्षीदार आहेत. आवाज मात्र आईंचाच, याला कपाटातला दयाराम साक्षीदार आहे. दोघंही खरं सांगतात. मग आईंचा आवाज आईंशिवाय घरात फिरतो कसा? एवढं बोलून तिनं टीव्ही लावला.

चौदा मिनिटं कोणाला उठू दिलं नाही. पडद्यावर देवानंद बारीक मिशीत बसला होता. नवरीच्या मामानं ओवाळताना ताट तिरकं धरलं. कोणी पाटावर लाकडासारखा ताठ बसला होता. नववं मिनिट, दहावं, अकरावं. धम्मदीपनं घड्याळाकडं पाहिलं. मग चित्र एकदम हललं, शूटिंगवाला पळत अंगणात आला, आणि तिथं त्रेचाळीस वर्षांच्या भिमाबाई, हिरव्या नव्या लुगड्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"दयाराम, मोटर चालू कर!"

पडद्यावर पाणी आलं. मधल्या खोलीत कपाटावरचा हिरवा दिवा लागला. धम्मदीप पळत गेला आणि मोटर बंद करून परत आला. माईक टीव्हीच्या फळीवर त्यानंच बसवला होता, जेमतेम वीतभर अंतरावर. कपाळावर हात मारून तो खाली बसला.

दाराशी उभा दयाराम पडद्यावरच्या दयारामकडं बघत होता. केस किती होते मले, एवढंच तो म्हणाला.

भिमाबाई मात्र पाण्याकडं पाहत नव्हत्या. त्यांनी सुनेचा हात धरला होता आणि तो त्यांना सोडता येत नव्हता.

"म्हंजे मी नाही म्हनली."

"म्हटलं, आई. पण तेव्हा म्हटलं. आता नाही."

त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही. अकोल्याचं काय करायचं, असं धम्मदीपनं विचारलं. नेऊन दाखवू, पण वयाची तपासणी म्हणून, आरोपी म्हणून नाही, असं महामाया म्हणाली.

राहिला एकच प्रश्न, जानराव हे चोरून का पाहत होते, आणि तो कोणी विचारत नव्हतं.

महामायानं त्याचंही उत्तर मनाशी काढून ठेवलं होतं. निवृत्त माणूस, रिकामी दुपार, जुन्या दिवसांची हौस, आणि सुनेसमोर ती हौस दाखवायची लाज. हे तिनं बसमध्येच जुळवलं होतं. ती हसून म्हणाली की बाबांना जुनं बघायला आवडतं, त्यात चोरी कसली, बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर बघा ना.

"तसं नाही, सूनबाई," जानराव म्हणाले.

इथवर तिचं सगळं बरोबर होतं. इथं ती चुकली होती.

रविवार, ११:२५. नोंद नाही.

जानराव सावकाश बोलले. पहिल्या वेळी त्यांनी तो साखरपुडा सहज लावला होता. देवानंदच्या सासऱ्याचं नाव आठवत नव्हतं, पडद्यावर दिसेल म्हणून. त्यात मधेच भिमाबाई आल्या. तो पाण्याचा प्रसंग चित्रात आला आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी टाकी वाहिली. भिमाबाई म्हणाल्या, मी नाही लावली. कपाटातल्या दयारामच्या नोंदीत मात्र त्यांचंच नाव निघालं.

"मी मशीनवाला मानूस," जानराव म्हणाले. "मले वाटलं, सुरू झालं. तुह्या मायचं झालं तसं."

दुसऱ्या दिवशी ते जेवून मागच्या खोलीत गेले आणि त्यांना झोप आली नाही. त्यांनी दार लोटलं आणि आवाज बारीक करून तोच साखरपुडा परत लावला. टाकी परत वाहिली. भिमाबाईंनी परत नाही म्हटलं. त्यांची भीती आणखी वाढली, म्हणून काही दिवसांनी त्यांनी तिसऱ्यांदा लावला. मग चौथ्यांदा. त्यांना वाटत होतं की बायको एकेक दुपार हातातून निसटत चालली आहे. आणि त्या प्रत्येक दुपारी तिला निसटती करत होते ते स्वतःच.

महामायानं मनातल्या मनात ती साखळी पुढून मागून तपासली. कुठं तुटत नव्हती. भीतीनं टीव्ही लागत होता, टीव्हीनं मोटर, मोटरीनं भीती.

"मीनं तुले सांगतलं नाही," जानराव बायकोला म्हणाले. आता ते तिच्याकडंच बघत होते, चष्मा हातात तसाच. "तुह्या मायनं तुले वळखनं सोडलं, ते मी डोयानं पाह्यलं हाय. म्हनलं, तू मले इसरायच्या आंधी मी तुले पाहून घेतो. जेवढं जमन तेवढं."

दयाराम दारातून हलकेच बाहेर गेला. धम्मदीप जमिनीवरची वायर सरळ करत बसला. ती वायर सरळच होती.

भिमाबाईंनी पदर बाजूला केला. रडून त्यांचं नाक लाल झालं होतं आणि डोळे मात्र एकदम कोरडे, धारदार झाले होते. महामायाला वाटलं, आता बाबांची खैर नाही.

"मी तठी वट्यावर जित्ती बसली होती," त्या म्हणाल्या. "तीन आठोडे. डाय निवडत. उठून बाहीर याले काय झालतं तुमाले?"

तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी टीव्हीकडं पाहिलं. तिथं पाणी अजून पडत होतं आणि बाई अजून हसत होती. मग त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला, खुर्चीतल्या बायकोला उठायला हात दिला, आणि दोघं बाहेर ओट्यावर जाऊन बसली.